आधी सुटका, मग सोवळं

मराठीतल्या 'तारण' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि माझं दोन्हींशी नातं आहे. पहिला बँकेतला. गारखेड्यात टू बीएचके घ्यायचा म्हटलं की फ्लॅट बँकेकडे तारण जातो आणि पुढची वीस वर्षं आपण हप्त्यांच्या तालावर नाचतो. दुसरा चर्चमधला. देव तारण करतो, ख्रिस्त तारणारा आहे, हे मी दर रविवारी ऐकतच मोठा झालोय. सराफाच्या दुकानावर 'सोनेतारण कर्ज मिळेल' ही पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा जाम गंमत वाटली होती. एकाच शब्दात अडकणं पण आणि सुटणं पण!

गंमत बाजूला ठेवली तरी हे दोन अर्थ बायबलमध्ये खरोखरच शेजारी-शेजारी राहतात. हिब्रूत 'गोएल' असा एक शब्द आहे. गोएल म्हणजे जवळचा नातेवाईक. भावकीतल्या कुणावर जमीन विकायची पाळी आली तर पैसे भरून ती सोडवून आणणं गोएलच्या अंगावर असतं. जमीनही संपली आणि माणसाने पोटासाठी स्वतःलाच विकलं, तर त्यालाही सोडवायचं. 'लेवीय' या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात हा सगळा व्यवहार कलमवार लिहिलाय. आणि 'निर्गम' या पुस्तकात मिसरच्या गुलामांना सोडवायचं वचन देताना देव स्वतःसाठी याच धातूचं क्रियापद वापरतो. म्हणजे तो कर्ज फेडायला आलेल्या सख्ख्या काकासारखा येतो.

आज हे लिहायला कारण झालं एका सहकाऱ्याचं. महिन्यातून एकदा पुण्याच्या ऑफिसात जावं लागतं, तिथे जेवताना त्याने विचारलं, "तुमच्यात सोवळं-ओवळं नसतं ना रे? मग सारखं पवित्र पवित्र काय चालू असतं? पवित्र शास्त्र, पवित्र आत्मा, पवित्र सप्ताह..." प्रश्न रास्त आहे. डबा संपेपर्यंत उत्तर संपलं नाही, म्हणून वीकेंडला इथे लिहितोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं: बायबलमध्ये सुटका आधी येते आणि पावित्र्य नंतर. हा क्रम उलटा केला की धर्म माणसाला सोडवायच्या ऐवजी बांधायला लागतो. बाकीचा लेख म्हणजे याचाच खुलासा. घाई असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल :)

आयटीवाल्यांनी तर निर्गमचा पाचवा अध्याय जरूर वाचावा. इस्राएली लोक मिसरमध्ये फारोसाठी विटा पाडतायत. मोशे जाऊन फारोला सांगतो, यांना देवाचा सण करायला तीन दिवस रानात जाऊ द्या. फारो म्हणतो, आळशी झालेत लेकाचे, म्हणून सुट्टी सुचतेय. तो विटांसाठी मिळणारा गवताचा भुसा बंद करतो. भुसा आता तुम्हीच गोळा करायचा, विटांचा आकडा मात्र कालचाच. माणसं कमी, साहित्य बंद, टार्गेट तेच आणि रजा मागितली म्हणून वर शेरा. तीन हजार वर्षांत मॅनेजमेंटचं शास्त्र फार पुढे गेलंय असं वाटत नाही.

तर हे लोक कण्हतात आणि देव ते कण्हणं ऐकतो. इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ते धार्मिक होते, त्यांनी व्रतं केली, ते शुद्ध होते, असं या ठिकाणी कुठेही लिहिलेलं नाही. उलट सुटका होत असतानाच ते कुरकुर करतात की आम्हाला मिसरमध्येच का नाही मरू दिलं. लायकी बघून सोडवायचं असतं तर ही केस पहिल्याच राउंडला बाद झाली असती.

आता अध्यायांचा क्रम बघा. बाराव्या अध्यायात ते रातोरात मिसर सोडतात. चौदाव्यात समुद्र पार करतात. सीनायच्या पायथ्याशी पोचतात एकोणिसाव्यात, आणि दहा आज्ञा मिळतात विसाव्यात. त्या आज्ञांची सुरुवातसुद्धा आज्ञेने होत नाही. देव आधी आठवण करून देतो की तुम्हाला गुलामीतून बाहेर काढणारा तो मी. मगच पहिली आज्ञा. 'पवित्र राष्ट्र' हा शब्दही एकोणिसाव्या अध्यायात येतो, मिसर मागे पडल्यावर.

त्याआधी तिसऱ्या अध्यायात जळत्या झुडपापाशी मोशेला सांगितलं जातं, जोडे काढ, ही जमीन पवित्र आहे. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. देवळात काय, स्वयंपाकघरात काय, चपला बाहेर. पण पुढचं बोलणं ऐका. जोडे काढायला लावून देव लगेच म्हणतो की मी माझ्या लोकांचे हाल पाहिलेत, त्यांचं ओरडणं माझ्या कानावर आलंय आणि मी त्यांना सोडवायला खाली उतरलोय. देवाच्या पावित्र्याचं निर्गममधलं हे पहिलं दर्शन आहे आणि त्याला सगळ्यात आधी विटा पाडणारे मजूर आठवतात. समुद्र ओलांडल्यावर पंधराव्या अध्यायात जे गाणं आहे, त्यातही देवाचं पावित्र्य आणि देवाने केलेली सुटका एकाच श्वासात येते.

क्रमाला इतकं महत्त्व का? आमच्या धंद्यात तरी क्रम म्हणजे सर्वस्व. त्याच ओळी वर-खाली केल्या की प्रोग्रॅम वेगळंच काहीतरी करायला लागतो. धर्मातही तसंच होतं, आणि याचा भयंकर पुरावा आहे.

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या काळ्या गुलामांसाठी खास निवडलेले भाग, असं त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटलं होतं. आज त्याला 'स्लेव्ह बायबल' म्हणतात. त्यात उत्पत्तीच्या पुस्तकातली योसेफाची गोष्ट आहे आणि तिथून पुस्तक थेट उडी मारतं ते निर्गमच्या एकोणिसाव्या अध्यायावर. मधलं सगळं गायब. विटा गायब, मोशे फारोसमोर उभा राहतो ते गायब, समुद्र गायब. दहा आज्ञा मात्र शाबूत. म्हणजे सुटका कापली आणि नियम ठेवले. मळेवाल्यांना धार्मिक गुलाम हवे होते, सुटलेली माणसं नको होती. बायबल धोकादायक कुठे आहे हे त्या कात्री चालवणाऱ्यांना बऱ्याच पाद्र्यांपेक्षा चांगलं कळलं होतं.

आता पावित्र्य म्हणजे नेमकं काय, त्याकडे येऊ. हिब्रू शब्द आहे 'कादोश'. वेगळं काढून ठेवलेलं. आपलं सोवळंही मुळात वेगळं ठेवणंच आहे. फरक पडतो तो वेगळेपण कशात मोजायचं यात. लेवीयचा एकोणिसावा अध्याय देव पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा इथून सुरू होतो. मग यादी येते. पीक कापताना शेताच्या कडा सोडायच्या, गळालेलं वेचायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही. बहिऱ्याला शिवी द्यायची नाही, आंधळ्याच्या वाटेत धोंडा ठेवायचा नाही. मापात पाप करायचं नाही. परक्यावर घरच्यासारखं प्रेम करायचं, कारण मिसरमध्ये तुम्ही स्वतः परके होतात.

बहिऱ्या-आंधळ्याचं कलम मला नेहमी अडवतं. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. धोंडा कुणी ठेवला ते आंधळ्याला दिसत नाही. म्हणजे जिथे पकडले जाण्याची शक्यता शून्य, तिथलं वागणं म्हणजे पावित्र्य. आणि यादीच्या शेवटी, खऱ्या मापांचं सांगून झाल्यावर, पुन्हा तीच सही: मिसरमधून काढणारा मी. तुम्हाला सोडवलंय, आता ज्याचं तुमच्यापुढे काही चालत नाही त्याच्याशी फारोसारखं वागू नका.

बरं, फक्त सोयीचं तेवढंच सांगून पळून जायचं नाहीये. त्याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका असंही आहे. लेवीयमध्ये काय खावं, कशाला शिवावं याचं चांगलं जाडजूड सोवळं आहे. आणि ज्या पंचविसाव्या अध्यायात गोएल आहे, त्याच अध्यायात परदेशी माणसं गुलाम म्हणून विकत घ्यायची मुभाही आहे. सुटलेल्या गुलामांच्या पुस्तकात! याचं गुळगुळीत स्पष्टीकरण द्यायची मला इच्छा नाही. मला एवढंच दिसतं की पुस्तकाचा जो मुख्य प्रवाह आहे, तो याच मुभेला आतून पोखरत जातो. ज्यांनी गुलामी मोडली त्यांनी निर्गम हाताशी धरलं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्यातल्या कित्येकांच्या तोंडी मोशे आणि फारोच होते. पण गुलाम ठेवणारेही बायबलच वाचत होते, हेही विसरायचं नाही.

आणि समुद्रात बुडालेल्या मिसरी सैनिकांचं काय? यावर यहुदी परंपरेने जेवढा विचार केलाय तेवढा आम्ही ख्रिस्ती लोकांनी केलेला नाही. तालमूदमध्ये एक कथा आहे की सैनिक बुडत असताना देवदूत गायला निघाले तेव्हा देवाने त्यांना थांबवलं, माझी लेकरं बुडतायत आणि तुम्हाला गाणी सुचतात? आजही वल्हांडणाच्या जेवणात दहा पीडांचा उल्लेख होताना पेल्यातून थेंब-थेंब द्राक्षारस कमी करतात. शत्रूच्या मरणाने आपला आनंद तेवढा कमी व्हावा, असा त्याचा अर्थ सांगतात.

आता यात ख्रिस्ती दृष्टी कुठे आली? आमच्यासाठी येशू म्हणजे याच गोष्टीचा पुढचा अध्याय. त्याच्या नावाचा अर्थच 'परमेश्वर तारतो' असा आहे. तो मरतो तेही वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधल्या सुटकेच्या सणात. लूकच्या शुभवर्तमानात त्याच्या यरुशलेममधल्या मृत्यूसाठी जो ग्रीक शब्द वापरलाय तो 'एक्सोडस'च, म्हणजे निर्गम. क्रमही तोच. मार्कच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येतो. नियमाप्रमाणे तो आधी शुद्ध ठरायला हवा, मग त्याला शिवायचं. येशू आधी हात लावतो आणि मग तो शुद्ध होतो. सोवळ्याच्या हिशेबात विटाळ एकाकडून दुसऱ्याकडे जातो. इथे उलटं झालं, पावित्र्य पुढे गेलं.

मराठीत याचा अर्थ ज्यांनी जगून दाखवला त्यात मला पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) सर्वात जवळच्या वाटतात. संस्कृत पंडिता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं तेव्हा तिथे उच्चवर्णीय मुलींना आपापली सोवळी पाळायची पूर्ण मुभा होती. १८९३ साली सदनातल्या मुली ख्रिस्ती होतायत यावरून पुण्यात मोठा गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतः उपाशी हिंडलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि तिथून शेकडो मुली-बायका घेऊन आली. दौंडजवळच्या केडगावला शेतावर त्यांची सोय केली. आता जात बघायची सोयच नव्हती. अंगावर हाडं आणि डोक्यात उवा असलेल्या मुलीला आधी आंघोळ, मग पेज, मग कपडे. त्या जागेचं नाव 'मुक्ती'. तिथे पुढे आंधळ्यांना ब्रेल शिकवलं गेलं, छापखाना चालला, शेती झाली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. पूर्ण बायबल आलं १९२४ साली, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की मला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त कितीतरी नंतर. स्वतःला लायक बनवायची धडपड संपली तेव्हा, असं मी ते वाचतो.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. दुष्काळात घास दिला आणि धर्म दिला. मला हा आक्षेप झटकून टाकायचा नाही, उलट तो उत्तम कसोटी वाटतो. जिथे जिथे कुठल्याही मिशनने भाकरीला अट लावली असेल, तिथे तिथे त्याने निर्गमचाच क्रम मोडला. अटीवरची सुटका म्हणजे नवा फारो.

आणि हा क्रम फक्त आमच्याच पुस्तकात आहे असा माझा दावाही नाही. पैठण इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. एकनाथांची (१५३३ ते १५९९) गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो: रामेश्वराला वाहायला आणलेलं गंगेचं पाणी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, आणि गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं पोर उचलून कडेवर घेतलं. दोन्ही गोष्टींत सोवळं आणि सुटका आमनेसामने येतात आणि नाथ एक क्षणही थांबत नाहीत. निर्गम समजायला मला या गोष्टींची जेवढी मदत झाली, तेवढी कुठल्या प्रवचनाची झाली नसेल.

उलट आमच्या चर्चलाच हा धडा पुन्हा गिरवायची गरज आहे. गोव्यात चर्चच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे बंधुमंडळं, जातीनुसार वेगळी राहिली. इकडे मराठवाड्यातही लग्न जुळवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न हळूच येतोच. तारण सर्वांसाठी, स्थळं मात्र आपल्यातली! आम्हीही निर्गम एकोणिसाव्या अध्यायापासूनच वाचतो की काय, अशी शंका येते.

शेवटी वीकेंडबद्दल. कारण बायबलमध्ये पहिली पवित्र ठरते ती कुठली जागा नाही, ठरतो तो एक वार. शब्बाथ. आणि 'अनुवाद' या पुस्तकात दहा आज्ञा दुसऱ्यांदा येतात तेव्हा शब्बाथचं कारण दिलंय ते असं, की तुमच्या गड्याला आणि मोलकरणीलाही तुमच्यासारखीच विश्रांती मिळावी, कारण तुम्हीही गुलाम होतात. फारोने सुट्टी नाकारली होती ना? हे त्याला उत्तर.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना गावकरी 'शनवार तेली' म्हणायचे. तेलाचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद. पिढ्यानपिढ्या मोठ्या यहुदी जगापासून तुटलेले असताना त्यांनी जे मोजकं टिकवलं त्यात ही सुट्टी होती. १८७४ साली, म्हणजे 'गुलामगिरी'नंतर वर्षभरात, पुण्यातच त्यांची हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे मिसरमधून सुटल्याची गोष्ट, वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचायची. तिच्यातल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या लाटतायत. आणि रविवारची सुट्टी आपल्याला कुठून मिळाली? फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. रविवार खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. मी सूतगिरणी चौकातून रोज जातो, म्हणून हे जास्त लक्षात राहतं.

आमच्या सोसायटीच्या वॉचमन काकांना आठवड्याची सुट्टी नाही. दिवाळीलाही ते गेटवरच असतात. मागच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तर मेंटेनन्स वाढेल म्हणून तो पुढे ढकलला गेला. हिशेब केला, एका दिवसाच्या बदली माणसासाठी दर फ्लॅटमागे महिन्याला एका पिझ्झाइतकेही पैसे पडत नाहीत. (आमच्या चर्चच्या कमिटीने नव्या कार्पेटच्या रंगावर तासभर चर्चा केली होती, म्हणजे आम्हीही काही कमी नाही.)

तर त्या सहकाऱ्याच्या प्रश्नाला हे माझं उत्तर. तुमचं पावित्र्य कुठे दिसतं, असं कुणी विचारलं तर मला चर्चची वेदी दाखवता येईल, पण ते खरं उत्तर नाही. काकांना रविवारी बायको-मुलांसोबत जेवता येतं का, आणि त्यांचा पगार एक तारखेला होतो का, हे आधी बघा. पुढच्या महिन्यात पुन्हा मीटिंग आहे आणि मी विषयपत्रिकेत तो मुद्दा पुन्हा टाकलाय. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?